टेबलावर लख्ख, हातात अर्धी: निऑन ट्यूबच्या हाय व्होल्टेज सप्लायची नेहमीची तक्रार

तक्रार ठरलेली असते. जुन्या एलसीडी मॉनिटरमधून काढलेला इन्व्हर्टर बोर्ड, दोन १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे लिथियम सेल) आणि वीत-दीड वीत लांबीची निऑन ट्यूब. टेबलावर जोडणी केली की ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक पेटते. मग सगळं एका मुठीत, म्हणजे धरायच्या दांड्यात, बसवून ट्यूब हातात धरली की बोटांच्या पलीकडचा भाग मंदावतो, कधी साफ विझतो. हात काढला की पुन्हा लख्ख. यानंतर ट्रान्झिस्टर बदलले जातात, सेल बदलले जातात, ट्रान्सफॉर्मर उसवून पुन्हा गुंडाळला जातो, आणि दुखणं तिथेच राहतं.

अशा वेळी सप्लाय बहुधा निर्दोष असतो. ट्यूब हातात घेतल्यावर हात स्वतःच सर्किटचा एक भाग होतो, आणि आकृती काढताना तो भाग कुणी काढलेला नसतो. हातातल्या ट्यूबसाठी सप्लाय करायचा तर हिशेब हातासकट करावा लागतो. छोटा, आटोपशीर सप्लाय बनवणं त्या मानाने सोपं आहे.

आधी बिघाड हाच आहे ना, ते पाहा

ट्यूब थर्माकोलच्या दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवा आणि सप्लाय फक्त बॅटरीवर चालवा. बेंच सप्लाय किंवा चार्जर लावलेला असेल तर सर्किटला मेन्समधून अर्थिंगचा रस्ता मिळतो आणि निरीक्षण चुकतं. खोलीत थोडा अंधार करा. ट्यूब पेटल्यावर मधोमध काचेला आधी कोरडी लाकडी पट्टी टेकवा. काही बदलणार नाही. मग काचेवर एक बोट टेकवा, इलेक्ट्रोड आणि त्याच्या तारांपासून दूर. हाय व्होल्टेजच्या टोकापासून बोटापर्यंतचा भाग तसाच राहिला किंवा थोडा उजळला, आणि बोटापासून पुढचा भाग मंदावला, तर ही गळती आहे, म्हणजे करंट काच ओलांडून बोटात उतरतोय. सबंध ट्यूब एकसारखी मंदावली तर दोष सप्लायकडे: सेल उतरलेले असतील किंवा मूठ आवळल्यावर एखादा जोड हलत असेल. बॅटरी होल्डरची स्प्रिंग इथे फार वेळा दोषी निघते. सेलवर निकेलची पट्टी लावून घ्यावी आणि तो विषय संपवावा.

दुसरी परीक्षा याहून खात्रीची. सप्लाय बंद करून ट्यूबच्या दोन तारांची अदलाबदल करा. मंद टोक बाजू बदलून दुसरीकडे गेलं तर गळती पक्की. अदलाबदल करूनही तेच टोक मंद राहत असेल, किंवा लालऐवजी फिकट गुलाबी-जांभळट प्रकाश दिसत असेल, तर ट्यूबमध्येच दोष आहे. इलेक्ट्रोड झिजलाय किंवा आत हवा शिरली आहे. त्यावर सप्लायमध्ये काही इलाज नाही. ट्यूब भरून देणाऱ्याकडेच जावं लागतं.

हात एवढं काय करतो

काच ही विद्युतरोधक, हे शाळेतलं वाक्य डीसीपुरतं खरं. पेटलेल्या ट्यूबमधला वायू वाहक असतो, बाहेरचा हातही वाहक, आणि मध्ये एक मिलीमीटर काच. म्हणजे हा सरळ कपॅसिटर झाला. दहा मिलीमीटर जाडीची ट्यूब, एक मिलीमीटरची काच आणि आठ सेंटीमीटरची मूठ धरली तर हिशेबाने सुमारे १२० पिकोफॅरड येतात. प्रत्यक्षात मूठ सगळीकडे चिकटून बसत नाही, म्हणून १०० धरू. हे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरेसे आहेत.

आता बोर्डाकडे या. हे बोर्ड जुन्या पडद्यांच्या मागच्या बारीक नळ्यांसाठी बनलेले. त्यातला साधा, दोन ट्रान्झिस्टरचा प्रकार म्हणजे जॉर्ज रॉयर यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या सर्किटचा सुधारलेला वंशज. तो साधारण ४० किलोहर्ट्झवर चालतो. सेकंडरीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजच्या गुंडाळीवर, ट्यूबशिवाय १२०० व्होल्ट मिळतात असं धरू, आणि आपली ट्यूब पेटल्यावर ६०० व्होल्टवर चालते असं धरू. पेटलेल्या ट्यूबमधून जास्त करंट जाऊ दिला तर तिचं व्होल्टेज वाढायच्या ऐवजी पडतं, म्हणून करंटला लगाम लागतो. इथे तो लगाम म्हणजे आउटपुटवरचा छोटा बॅलास्ट कपॅसिटर, समजा २२ पिकोफॅरड. ४० किलोहर्ट्झला त्याचा अवरोध १८१ किलोओहम, आणि ट्यूबला साडेपाच-सहा मिलीअँपिअर मिळतात. सगळं छान जुळलेलं असतं.

त्यात १०० पिकोफॅरडचा हात येतो. ४० किलोहर्ट्झला त्याचा अवरोध फक्त ४० किलोओहम, म्हणजे बॅलास्टच्या पाव भागाहून कमी. २२ आणि १०० पिकोफॅरडचा, व्होल्टेज वाटून घेणारा विभाजक झाला, आणि १२०० व्होल्टमधले हाताच्या जागी जेमतेम २१६ उरले. पुढच्या ट्यूबने त्यात पेटायचं कसं? करंट हाय व्होल्टेजच्या टोकातून निघतो, बोटांपर्यंत वायूतून जातो आणि तिथून काच ओलांडून हातात उतरतो. म्हणूनच बोटापर्यंतचा भाग उजळ राहतो.

हातातून परतीचा रस्ता कुठला, असा प्रश्न पडायला हवा, कारण बॅटरीवरचं सर्किट तर अधांतरी असतं. उत्तर मुठीतच आहे. मुठीच्या आत बोर्ड आहे, सेलचं धातूचं कवच आहे, आणि तळहात त्यांच्यापासून दोन-तीन मिलीमीटरवर आहे. तिथेही काही दशक पिकोफॅरड भरतात. मूठ म्हणून टॉर्चची ॲल्युमिनियमची बॉडी वापरली असेल आणि ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असेल, तर परतीचा रस्ता अगदी हमरस्ता होतो. टेबलावर यातलं काहीच नव्हतं, म्हणून टेबलावर सगळं ठीक दिसलं.

निऑनच्या जुन्या पाट्यांना हा त्रास नव्हता. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या पेटवल्या, त्यानंतर कित्येक दशकं पाट्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर, घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालल्या. ५० हर्ट्झला १०० पिकोफॅरडचा अवरोध जवळपास ३२ मेगाओहम असतो. गळती ४० किलोहर्ट्झच्या ८०० पटींनी कमी. आपण ट्रान्सफॉर्मर मुठीत मावावा म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवली, त्याची ही किंमत आहे.

जो उपाय सगळे आधी करतात

बॅलास्ट वाढवणं. २२ च्या जागी ४७ पिकोफॅरड टाकला की ट्यूब हातातही पेटते आणि प्रश्न सुटला असं वाटतं. पण तोच सप्लाय टेबलावर ठेवला की ट्यूबमधून १२ मिलीअँपिअर वाहतात, म्हणजे आधीच्या दुप्पट. बारीक ट्यूबचे इलेक्ट्रोड तापतात, त्यांच्याजवळची काच काळवंडते, ट्रान्झिस्टर तापतात आणि सेल निम्म्या वेळात उतरतात. शिवाय हातात जाणारा करंटही वाढतो. हा उपाय करू नये.

मुळावरचा उपाय म्हणजे हात आणि ट्यूब यांच्यात अंतर ठेवणं. ट्यूबवर ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटची सैल नळी चढवा, हात ट्यूबच्या मध्यापासून सुमारे १२ मिलीमीटरवर राहील अशी, म्हणजे काचेबाहेर सात मिलीमीटर हवा-प्लास्टिक. तीच आठ सेंटीमीटरची मूठ आता १०० ऐवजी पाच-सहा पिकोफॅरड देते. विभाजकात १२०० पैकी ९५० च्या वर व्होल्ट हाताशी शिल्लक राहतात आणि ट्यूबला फरक कळतही नाही. नळी दोन्ही टोकांना रबराच्या वायसरवर तोलून बसवली की ट्यूब पडण्या-आपटण्यापासूनही वाचते. मला यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय माहीत नाही, आणि सुरक्षेसाठी ती नळी तशीही हवीच.

त्याच बरोबर टॉर्चची बॉडी सोडा. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी कंड्युट पाइप मूठ म्हणून उत्तम चालतो. सेल मुठीच्या तळाशी आणि बोर्ड त्याच्या वर ठेवला की ट्यूबकडे जाणारी हाय व्होल्टेजची तार आखूड राहते. तार लांबली की तिची स्वतःची गळती सुरू होते. तार सिलिकॉन इन्सुलेशनची, किमान ३ किलोव्होल्टची घ्या. साधी घरगुती पीव्हीसी वायर इथे चालत नाही.

मग तारांची दिशा. मुठीपाशी ट्यूबचं परतीचं टोक यायला हवं, हाय व्होल्टेजचं टोक हातापासून लांब. परतीच्या टोकाजवळ व्होल्टेज कमी, म्हणून गळतीही कमी. अडचण इतकीच की लांबच्या टोकापर्यंत हाय व्होल्टेजची तार न्यावी लागते आणि ती ट्यूबला समांतर धावते. ती ट्यूबला चिकटू देऊ नका, आणि मुठीतून ती तळहाताच्या विरुद्ध बाजूने न्या. ट्यूब यू आकाराची असेल तर दोन्ही टोकं मुठीतच येतात आणि हा उपाय लागू होत नाही.

यू आकाराच्या ट्यूबला सेकंडरी दोन्ही बाजूंनी चालवणं मानवतं. बोर्डवर सेकंडरीचं एक टोक निगेटिव्हला जोडलेलं असतं. तो ट्रॅक कापायचा आणि दोन्ही टोकांना ४७-४७ पिकोफॅरडचे कपॅसिटर घालायचे. मालिकेत ते साडेतेवीस होतात, म्हणजे एकूण बॅलास्ट जवळपास तोच. आता प्रत्येक टोकावर निम्मं व्होल्टेज असतं, हातासमोरही निम्मंच. यू ट्यूबचे दोन पाय उलट फेजमध्ये असल्यामुळे हाताला मिळणारे करंट बऱ्याच अंशी एकमेकांना काटतात. करण्याआधी ट्रान्सफॉर्मर नीट पाहा. सेकंडरीचं निगेटिव्हकडचं टोक पुष्कळदा प्रायमरीच्या, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीच्या, पिनांना खेटून असतं, कारण तिथे व्होल्टेज येणार नाही असं धरून तो गुंडाळलेला असतो. पिनांमध्ये पुरेसं अंतर नसेल तर हा फेरफार करू नका, नाहीतर ठिणगी थेट ट्रान्झिस्टरमध्ये जाते.

बोर्डवर कंट्रोलर आयसी असेल तर आणखी एक गोष्ट. तो ट्यूबमधून परत येणारा करंट मोजतो आणि तो कमी दिसला की एक-दोन सेकंदांत सप्लाय बंद करतो. हातात धरल्यावर परतीच्या टोकाला करंट पोहोचतच नाही, म्हणून ट्यूब पेटते आणि लगेच विझते. त्या विझण्याला लोक बॅटरीचा दोष समजतात. अशा बोर्डाचा परतीचा ट्रॅक कापला तर तो कधीच चालू राहणार नाही. या कामाला साधा दोन ट्रान्झिस्टरचा बोर्डच बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात भंगारातले बोर्ड चाळताना मोठा आयसी नसलेला निवडावा.

फ्रिक्वेन्सी खाली आणणं हा उपाय कागदावर फार चांगला दिसतो. ४० वरून २० किलोहर्ट्झला आलो की गळती निम्मी. पण त्यासाठी प्रायमरीवरचा रेझोनन्स कपॅसिटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा, चौपट करावा लागतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला कोअरमधला फ्लक्स दुप्पट होतो. नखाएवढी फेराइट कोअर ते सहन करत नाही, सॅच्युरेट होते, म्हणजे आणखी चुंबकत्व धरू शकत नाही, आणि ट्रान्झिस्टर जळतात. ३० किलोहर्ट्झपर्यंत येणं बहुतेक ट्रान्सफॉर्मरना झेपतं. त्यासाठी रेझोनन्स कपॅसिटर पावणेदोन पट आणि बॅलास्ट ३० पिकोफॅरडच्या आसपास. त्याखाली जाऊ नये. रेझोनन्स कपॅसिटर पॉलीप्रॉपिलिनचाच हवा. पॉलिस्टरचा टाकला तर तो गरम होतो, कारण त्यातून सगळा फिरता करंट जातो.

शुद्ध निऑन असेल तर डीसी

डीसी काच ओलांडत नाही. म्हणून कितीही घट्ट धरली तरी डीसीवर ट्यूब मंदावत नाही. डायोड आणि कपॅसिटरची शिडी रचून व्होल्टेज वाढवायची पद्धत कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजला १९३२ मध्ये अणुकेंद्र फोडताना वापरली. आपल्याला तिची एक पायरी पुरते. डायोड यूएफ४००७ घ्या. १एन४००७ तोच दिसतो, तेवढेच व्होल्ट सोसतो, पण ४० किलोहर्ट्झला वेळेत बंद होत नाही आणि भाजतो. या डायोडची मर्यादा एक हजार व्होल्ट, म्हणून प्रत्येक जागी किमान चार मालिकेत लावावे लागतात.

लगाम म्हणून इथे रेझिस्टर लागतो आणि तिथे उष्णता वाया जाते: ४७ किलोओहममधून ५ मिलीअँपिअर म्हणजे २३५ व्होल्ट आणि सव्वा वॅटच्या जवळ. एकच छोटा रेझिस्टर न लावता चार-पाच मालिकेत लावा. सप्लाय बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्यासाठी त्यांच्यावर काही मेगाओहमचा ब्लीडर, म्हणजे चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा जोडा. आणि हे फक्त लाल, शुद्ध निऑनच्या ट्यूबसाठी. निळ्या ट्यूबमध्ये आर्गॉनबरोबर पारा असतो. डीसीवर तो पारा हळूहळू एका टोकाला जमा होतो आणि उरलेली ट्यूब फिकी पडते.

ट्रान्झिस्टर का जातात

हा वेगळा प्रश्न आहे, पण याच बोर्डावर हमखास येतो. या सर्किटमध्ये बंद ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर पुरवठ्याच्या π पट व्होल्टेज चढतं. दोन भरलेल्या सेलचे ८.४ व्होल्ट म्हणजे २६ च्या वर. बाजारात सर्रास मिळणारा डी८८२ तीस व्होल्टचा, म्हणजे कसाबसा पुरतो. प्रकाश वाढावा म्हणून १२ व्होल्ट दिले की कलेक्टरवर ३८ व्होल्ट येतात आणि तो जातो. १२ व्होल्टच हवे असतील तर किमान ६० व्होल्टचा ट्रान्झिस्टर शोधा.

काहींची तक्रार बरोबर उलट असते: ट्यूब हातात धरली तरच पेटते, टेबलावर पेटतच नाही. जवळ वाहक असला की पहिलं आयनन सोपं होतं, म्हणून असं घडतं. इथे सप्लायचं पेटवण्याचं व्होल्टेज कमी पडतंय. सेल भरलेले असताना पेटते आणि उतरल्यावर पेटत नाही, हीही त्याचीच खूण. पूर्ण अंधारात ठेवलेली ट्यूब उशिरा पेटते, कारण सुरुवात करून द्यायला लागणारे मोजके इलेक्ट्रॉन उजेडातून सहज मिळतात. ट्यूब तपासताना हे लक्षात ठेवलं तर उगाच सप्लायवर ठपका येत नाही.

शुद्ध निऑनच्या ट्यूबमध्ये प्रकाशाचे तुकडे पडून मण्यांची माळ सरकताना दिसते, ती जास्त फ्रिक्वेन्सीची करामत आहे. थोडा डीसी मिसळला की मणी इतक्या वेगाने पळतात की डोळ्याला सलग प्रकाश दिसतो. हाही उपाय पारा असलेल्या ट्यूबला नको.

मोजमापाबद्दल: साधा मल्टिमीटर हाय व्होल्टेजच्या टोकाला कधीही लावू नका. तो जातो, आणि जाण्याआधी त्याच्या तारांची गळतीच ट्यूबला विझवते. करंट पाहायचा तर परतीच्या टोकात १०० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावर ऑसिलोस्कोप लावा. ५ मिलीअँपिअरला अर्धा व्होल्ट आरएमएस दिसेल. ट्यूबला हात लावून हा आकडा पडताना पाहिला की गळतीचं मोजमापच हाती येतं. कोणता उपाय किती लागू पडला ते यावरून ठरवा. प्रकाश डोळ्याने ताडण्यात फसगत होते.

हाताच्या सुरक्षेचं

४० किलोहर्ट्झचा करंट नसांना ५० हर्ट्झइतका जाणवत नाही. म्हणजे झटका बसण्याआधीच कातडी भाजू शकते. काचेवर बोट ठेवल्यावर चटका किंवा झिणझिण्या जाणवल्या तर तो सप्लाय हातात धरायच्या लायकीचा नाही. आधी नळी आणि अंतराचं काम पुरं करा. पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात ही वस्तू देऊ नका. चार्जिंग सुरू असताना ट्यूब पेटणारच नाही असं स्विचिंग ठेवा. पाट्यांचा ३० मिलीअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर किंवा मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर या कामात कुठल्याही कारणाने आणू नका. ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर जीव घेतो.

मे महिन्यात नीट चाललेली ट्यूब जुलैत सुसू आवाज करू लागते, मुठीतून ओझोनचा उग्र वास येतो. कोकणात तर हे ठरलेलंच. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि त्यावरून व्होल्टेज रांगतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, कोरडा होऊ द्या, सोल्डरची टोकदार शेंडी राहिली असेल तर ती गोल करा, मगच सिलिकॉन भरा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि केसाएवढी सेकंडरीची तार खातं. भरताना बुडबुडा राहू देऊ नका, कारण आतल्या हवेत बारीक डिस्चार्ज होत राहतो आणि तीच जागा पुढे फुटते. थोडं थोडं भरून, दर थर सुकू देऊन वर गेलं की बुडबुडे राहत नाहीत. जाड थर एकदम भरला तर आतलं सिलिकॉन कित्येक दिवस ओलं राहतं, आणि तोवर सप्लाय चालू करायचा नाही.